तात्यांची कुलपं

देवगडकडच्या आमच्या पंचक्रोशीत मोटार चोरीला जाण्याचा धोका एका माणसाने जवळजवळ पंधरा वर्षं एकहाती थोपवून धरला होता, आणि त्या सगळ्या काळात तिथून एकही मोटार चोरीला गेली नाही. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. पंचक्रोशीत मोटार एकच होती आणि ती त्याच माणसाची होती, हेही त्याच जबाबदारीने नमूद केलं पाहिजे.

तात्या गेले, त्याला आता दीड महिना झाला. बातमी अंतर्देशीय पत्राने आली, आणि पत्र वाचण्याआधीच मला ती कळली होती. तात्यांचं पत्र उघडणं हे एक काम असे. पोस्टाने लावलेल्या डिंकावर त्यांचा विश्वास नव्हता. तिन्ही कडांना ते भाताची खळ लावत, वर सुईदोऱ्याने दोन टाके घालत आणि गाठ आतल्या बाजूला येईल अशी बेतत. मी ब्लेड, वाफ आणि चष्मा घेऊन बसत असे, आणि अर्ध्या तासाने आत लिहिलेलं सापडे: ‘इकडील सर्व क्षेम. आंबा यंदा कमी.’ हे पत्र मात्र बोट घालताच उघडलं. वर तात्यांच्याच गावचा शिक्का होता, पण न टाका, न खळ... काढून ठेवलेलं ब्लेड मी परत खणात टाकलं. मग वाचलं. त्यांच्या सुनेचं, सुमनचं, अक्षर होतं. तात्या मंगळवारी सकाळी गेले. त्यांचा चहा पिऊन झाला होता.

माझी त्यांची ओळख पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली तेव्हाची. मी मूळचा मालवणचा. नवा नवा प्राथमिक शिक्षक म्हणून देवगडपासून आठ मैलांवरच्या त्या गावात माझी नेमणूक झाली. तेव्हा जिल्हा रत्नागिरी होता आणि साहेबांना एक अर्ज पोचवायचा तर उत्तर येईपर्यंत माणूस सेवानिवृत्त होई. तात्यांच्या घराच्या पडवीला लागून एक खोली होती, ती मला राहायला मिळाली. खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीसमोर मांगर, म्हणजे गवत नि लाकूडफाटा ठेवायची शाकारलेली शेड. त्या मांगरात गवताऐवजी गाडी उभी असे. काळी, चार दारांची, युद्धाच्या आधीची. तात्यांनी ती मुंबईहून येताना कुणाकडून तरी मोडीच्या भावात घेतली होती आणि घाट उतरवून आणली होती. पहिल्या दिवशी मी खिडकी उघडली तर तिचे दोन मोठे दिवे माझ्याकडे बघत होते. पुढची सात वर्षं मी त्या नजरेखाली वह्या तपासल्या.

गावात त्यांना ‘तातो डायवर’ म्हणत. मुंबईत एका शेटजींकडे ते बारा वर्षं ड्रायव्हर होते, मग अचानक नोकरी सोडून गावी आले, इतकंच सर्वांना ठाऊक होतं. गाडी ते भाड्याने चालवत. देवगड बंदरात आगबोट लागायची तेव्हा चाकरमान्यांना नेणं-आणणं, लग्नाची नवरी, आंब्याच्या दिवसांत पेट्या. चालवत मात्र असे की मागच्या सीटवर बसलेल्या म्हाताऱ्या पानाला चुना लावताना सांडत नसत. त्यात कौतुक करण्यासारखं पुष्कळ होतं, पण गाव बोलायचं ते गाडी थांबल्यानंतरच्या गोष्टीबद्दल.

गाडी मांगरात शिरली की तात्या प्रथम बॉनेट उघडत. इंजिनात एक बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा असतो, त्याला रोटर म्हणतात. तो नसला तर ठिणगी जागच्या जागी पोचत नाही आणि हँडल मारून मारून चोराचा खांदा निखळला तरी गाडी सुरू होत नाही. तो काढून ते रेशमी चिंधीत गुंडाळत आणि कमरेच्या चंचीत, सुपारीच्या खालच्या कप्प्यात, ठेवत. मग साखळी. ती साधी साखळी नव्हती, मचव्याच्या नांगराची होती, खाऱ्या पाण्याने काळी पडलेली. ती सुकाणूच्या चाकातून घेऊन क्लचच्या दांड्याभोवती दोन वेढे, आणि वर नारळाएवढं अलिगढी कुलूप. मग मागच्या चाकाच्या आऱ्यांतून आरपार फणसाच्या लाकडाचा एक ओंडका, त्याला वेगळं कुलूप. एवढं झाल्यावर ते चार पावलं मागे जात, गाडीकडे बघत आणि परत येऊन पहिलं कुलूप ओढून पाहत. हे रोज. देवाची सांजवात चुकली असेल, हे चुकलं नाही.

ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या तात्यांच्या बायको, आमच्या वैनी, हा सोहळा रोज बघत आणि रोज काहीतरी बोलत.

“त्या गाडयेच्या गळ्यात येक मंगळसूत्र तेवढा घालूचा रवला हा. ता घाल, मगे कोण तिच्याकडे बघूचो पण नाय.”

“तुका घातलंय ना?” तात्या कुलूप ओढत म्हणत. “पंचवीस वर्सां झाली. कोण इलो न्हेवक?”

“कोण येवक नाय, ह्याच तर माजा नशीब!”

मी तेव्हा तरुण होतो, चार पुस्तकं वाचली होती आणि जगात तर्काने पुष्कळ गोष्टी सुटतात असं मला वाटे. मी एकदा त्यांना समजावलं. म्हटलं, तात्या, चोरणारा ही गाडी नेणार कुठे? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला घाट. मधल्या खाडीवर गाडी पडावाच्या होडीवर चढवायला आठ माणसं लागतात आणि ती आठही तुमच्या ओळखीची. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मास्तरांनू, चोर काय भूगोल शिकान येता?”

थोड्या दिवसांनी ते एक फळी आणि डांबराचा डबा घेऊन खोलीत आले. माझं अक्षर चांगलं होतं. त्यांना पाटी हवी होती.

“‘गाडीस हात लावू नये. हुकुमावरून.’ असा लिवा.”

“कोणाच्या हुकुमावरून, तात्या?”

“ता लिवू नकात. ज्येका भय वाटाचा आसा तो इचारीत नाय. आणि इचारतलो तो चोर न्हय.”

पुढे मी सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं काढली, पुष्कळ परिपत्रकं वाचली, पण राज्यकारभाराचं तत्त्व इतक्या थोडक्यात मला पुन्हा कुणी सांगितलं नाही. पाटी मी लिहिली. आठवडाभरात गावातली निम्मी माणसं ती सरकारी आहे असं समजू लागली, आणि तलाठी गाडीपासून दोन हात लांबून जाऊ लागला.

मग भोंग्याचा रबरी गोळा गेला. एके दिवशी सकाळी तात्या मांगरात गेले तर गाडीबाहेर लावलेल्या पितळी भोंग्याच्या मागचा गोळा जागेवर नाही. गाडी होती, साखळी होती, ओंडका होता, रोटर चंचीत होता; गेलं होतं ते नेमकं जे बांधलेलं नव्हतं. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. मला हे जरा जास्तच वाटलं. रबराचा एक गोळा, त्यासाठी उपास? पण त्यांचा चेहरा मी पाहिला होता आणि त्या चेहऱ्याचा रबराशी संबंध नव्हता एवढं मलाही कळलं. वैनी मात्र घाबरल्या. लोखंडाने होत नाही म्हटल्यावर त्या सरळ नाना गावकारांकडे गेल्या आणि गाडीवर राखण ठेवायची म्हणाल्या.

आमच्याकडे फणसाला नाहीतर माडाला चोर लागला की देवाची राखण ठेवतात. गावकार देवाला गाऱ्हाणं घालतो, लाल चिंधीत नारळ बांधून झाडाला टांगतो आणि मग त्या झाडाखालचं पिकलेलं फळसुद्धा कुणी उचलत नाही. मोटारीवर राखण ठेवायची वेळ देवावर पहिल्यांदाच आली होती. नाना गावकार त्यामुळे खूश होते. नाना म्हणजे गावचे पहिले मानकरी, सहा फूट उंच, खर्जातला आवाज. साधं ‘पाणी दे’ म्हणाले तरी शेजारच्या दोन घरांत तांबे भरले जात. त्यांनी मांगरासमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं, आणि प्रसंग नवा म्हणून ते नेहमीपेक्षा लांबवलं.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” जमलेली माणसं म्हणाली.

“आज ह्या तातो डायवराच्या गाडयेर तुजी राखण ठेयली हा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जो कोण तिका हात लावीत, गावचो, परगावचो, वाटसरू, सरकारचो, घरचो, दारचो, तेचो हात थंयच रवांदे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. मीही म्हणालो. तात्याही म्हणाले.

घोटाळा दुसऱ्या दिवशी ध्यानात आला. बंदरावर जायला एक कुटुंब सामान घेऊन आलं. तात्यांनी किल्ल्या काढल्या, तर त्या घरातली म्हातारी म्हणाली, “तातो, तू हात लावतलंय? नानान ‘घरचो’ म्हटल्यान हा.” खरंच म्हटलं होतं. लय साधण्याच्या भरात नानांनी सगळ्या जगाला बंदी केली आणि मालकाला वगळायचं राहून गेलं. कुटुंब सामान घेऊन एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागलं. तात्यांचा स्वतःचा या गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता, पण ते म्हणाले ते खरं होतं: “मी हात लावीन मास्तरांनू. पण बसतलो कोण?”

आम्ही दोघं नानांकडे गेलो. मी माझ्या परीने मुद्दा मांडला की शब्दयोजनेत किरकोळ चूक आहे, दुरुस्ती करावी. नाना माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी देवाला शुद्धलेखन शिकवायला निघालो होतो. म्हणाले, “मास्तर, देवाक दिलेलो शब्द तुमच्या फळ्यासारखो पुसाक येणा नाय. आता दिवाळीनंतर जत्रेक बघू.” तेव्हा चैत्र चालला होता.

अशा रीतीने तात्यांची गाडी अकरा दिवस जगातली सर्वांत सुरक्षित गाडी होती. तिला चोर नेऊ शकत नव्हता आणि मालकही. तात्या रोज नेमाने मांगरासमोर येऊन उभे राहत, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन, आणि परत जात. गोळाही दरम्यान सापडला, कोंबड्यांच्या खुराड्यामागे, दातांच्या खुणांसकट. कुत्र्याने नेला होता. पण चोराचा संशय फिटला म्हणून राखण काही उतरत नव्हती.

बाराव्या दिवशी सकाळपासून नानांच्या घराकडे माणसांची ये-जा दिसू लागली. नानांची लघवी अडली होती. आदल्या दिवसापासून. ते भिडस्त, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वैद्याने काढे दिले आणि काढ्यांनी अडचण वाढवली. दुपारी मी शाळेतून आलो तेव्हा त्यांना खाटेवर घालून तात्यांच्या अंगणात आणलं होतं. देवगडला सरकारी दवाखान्यात नेण्याखेरीज उपाय नव्हता, दुपारची एस.टी. निघून गेली होती, आणि आठ मैल खाटेवरून नेईपर्यंत माणूस टिकेल असं कुणाला वाटत नव्हतं. गाडी वीस पावलांवर उभी होती. तिच्यावर लाल चिंधीतला नारळ लोंबत होता.

नानांना सांगितलं, राखण उतरवा. तशा कळांतही ते म्हणाले, रीत काय ती झाली पाहिजे. नारळ आणला. चार मानकरी उभे केले. खाटेवर कोपरं टेकून नाना अर्धे उठले, तो खर्जातला आवाज आता चिरकला होता. “बा देवा म्हाराजा...” म्हणाले, आणि मागे कलंडले. शुद्ध हरपली होती. माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून मोकळी झाली आणि मग सगळे एकमेकांकडे बघू लागले, कारण देवाला नुसती हाक मारून ठेवली होती आणि काम काही सांगितलं नव्हतं.

तात्या पुढे झाले. त्यांनी आडकित्ता काढला, चिंधीचा दोरा कापला, नारळ तुळशीपाशी ठेवला. कुणीतरी म्हणालं, “तातो, हात जातलो हां!” तात्या चाकापाशी बसून किल्ली शोधत म्हणाले, “येकदा माज्या ताब्यातसून गाडी गेली हा. आता माणूस जावक देवचंय नाय.” त्या गडबडीत या वाक्याचा अर्थ कुणी विचारला नाही. मीही नाही. आणि मग ओंडक्याचं कुलूप, साखळीचं कुलूप, दोन वेढे, बॉनेट, चंची, चिंधी, रोटर... चोरासाठी रचलेला सगळा बंदोबस्त मालकालाच उलगडत बसावं लागलं. तेवढ्यात नाना शुद्धीवर येऊन कण्हत होते, “तातो, बेगीन रे, बेगीन...” मी मागच्या सीटवर बसलो आणि नानांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांचा थोरला मुलगा गाडीत बसला नाही. तो सायकलवरून मागून आला, आणि धूळ खात का होईना, पूर्ण वाट आला.

जामसंड्याच्या अलीकडच्या चढाला इंजिनातून वाफ येऊ लागली. तात्यांनी गाडी थांबवली, फडकं शोधायला वेळ नव्हता, रेडिएटरचं झाकण उघड्या हाताने फिरवलं. उकळतं पाणी उसळलं. तिथून दवाखान्यापर्यंत त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं वर धरून गाडी चालवली. मी पाहिलं. नानाही टक्क डोळे उघडे ठेवून मांडीवरून बघत होते.

दवाखान्यासमोर गाडी थांबताच तात्यांनी नानांना पाठीवर घेतलं आणि आत धावले. डॉक्टर होते. नळी होती. पुढचं मी सांगत नाही. एवढंच सांगतो की थोड्या वेळाने आतून नानांचा एक लांब, तृप्त हुंकार आला आणि सगळ्या ओसरीवरचे रोगी हसले. तासाभराने आम्ही दोघं बाहेर आलो.

गाडी नव्हती.

जिथे ती उभी होती तिथे तेलाचा एक काळा डाग होता आणि डागाशेजारी एक शेळी. मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी कमरेची चंची चाचपली आणि त्यांच्या लक्षात आलं की रोटर गाडीत आहे, साखळी मांगरात आहे, चावी सुद्धा गाडीतच आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गाडी उघडी टाकली होती, आणि ती गेली होती. ते दवाखान्याच्या पायरीवर बसले. मी म्हटलं, कुठे जाणार, बघू या. त्यांना ऐकू गेलं नाही. मग समोर बघतच ते बोलू लागले, आणि सात वर्षांच्या शेजारात एवढं सलग ते फक्त तेव्हाच बोलले.

मुंबईत शेटजींच्या आईला घेऊन ते एका दुकानाशी गेले होते. म्हातारीला पाणी हवं होतं. तात्या कोपऱ्यावर पाणी आणायला गेले, दोन मिनिटं, आणि परत आले तर गाडी नाही. म्हातारी दुकानात होती, तिला काही झालं नाही. पोलिसांनी तात्यांना तीन दिवस बाकावर बसवून ठेवलं. मग शेटजी आले, सोडवून घेऊन गेले आणि म्हणाले, तुझ्यावर माझा संशय नाही. “असाच म्हणाले. आणि दुसऱ्या दिसा दुसरो डायवर ठेवलो.” तात्यांनी चंची पुन्हा चाचपली. “गाडी मागसून गावली, मास्तरांनू. महिन्याभरान. शेजारच्या डायवरान माका सांगल्यान. शेटजींनी सांगूक नाय. गावली म्हणान कोण माका बोलवक येवक नाय...” बारा वर्षांत त्यांनी गाडीला एक ओरखडा येऊ दिला नव्हता. गाडी परत मिळाली. त्यांचं नाव परत मिळालं नाही.

एवढी पुस्तकं वाचूनही मला हे सुचलं नव्हतं, की ती कुलपं गाडीला नव्हतीच. मी इतके दिवस त्यांना हसत होतो.

तेवढ्यात मागच्या बाजूने दवाखान्याचा कंपाउंडर हात पुसत आला. “ती काळी गाडी तुमची काय? मागल्या अंगणात ढकलली हा, आंब्याखाली. उन्हात टायर फुटले असते तुमचे.”

तात्या उठले. “कोणाक इचारून हात लावलास?”

“इचारूक तुमी खंय होतास? चावी आत ठेवन गेलास, मोठे सावकार मां! चार रोगी लावले ढकलूक. येकाचो तर ताप उतारलो.”

गाडी खरोखरच आंब्याखाली उभी होती. बॉनेटवर कुणीतरी ओलं गोणपाट घातलं होतं. मागच्या सीटवर नानांची विसरलेली पगडी नीट सरळ करून ठेवली होती. तात्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग बॉनेट उघडलं, डाव्या हाताने रोटर काढला, चिंधीत गुंडाळून चंचीत टाकला. आणि मग त्यांना आठवलं की आपल्याला आत्ता निघायचं आहे. त्यांनी तो परत बसवला. कंपाउंडर हे सगळं बघत होता. त्याने मला हळूच विचारलं, ह्यांनाही दाखवायचं आहे का.

परतीच्या वाटेवर, गाव जवळ आल्यावर, त्यांनी भाजलेली बोटं पंच्याच्या टोकात लपवली आणि मला म्हणाले, “मास्तरांनू, हाताचा गावात काय सांगू नकात. उगाच नानाची पत वाढात.” मुद्दा बिनतोड होता. राखण मोडणाऱ्याचा हात गेल्याचं कळलं असतं, तर पुढच्या तीन पिढ्या त्या मांगरावरून कुणी गेलं नसतं. ते पंधरा दिवस उजवा हात खिशात घालून फिरले. गाव त्यांच्या हाताकडे बघत होतं आणि हात दिसत नव्हता. मी शब्द पाळला. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

पण एका माणसाला ते माहीत होतं. नाना पाचव्या दिवशी घरी आले, बरे होऊन, किंचित बारीक होऊन. मला वाटलं, आता हा माणूस चावडीवर सांगणार: बघितलंत ना, माझ्या शब्दाने तात्याचा हात भाजला. गावकाराला असं प्रमाण आयुष्यात एकदा मिळतं. नानांनी एक अक्षर काढलं नाही. त्यांनी जत्रेची वाट न बघता मांगरासमोर येऊन नवीन गाऱ्हाणं घातलं. या वेळी ते अगदी आखूड होतं आणि त्यात ‘तातो सोडून’ असं स्पष्ट म्हटलं होतं. आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या घरून पानात गुंडाळलेला कोकमतेलाचा एक गोळा आला, भाजल्यावर लावायचा. निरोप काही नव्हता. नानांबद्दल बनवलेलं मत मला तेव्हा खोडावं लागलं; नवं मी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.

तुम्हाला वाटेल, आंब्याखालच्या त्या दुपारनंतर तात्या बदलले असतील. बदलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या चाकालाही कुलूप लावलं.

साठ सालानंतर रस्ते सुधारले, एस.टी. वाढल्या, देवगडात टॅक्स्या दिसू लागल्या. माझी बदली झाली. तात्यांनी गाडी घाटावरच्या एका माणसाला विकली तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. त्यांनी गिऱ्हाइकाला गाडी कशी चालवायची हे पाच मिनिटांत सांगितलं आणि ती कशी थांबवून ठेवायची हे दुपारपर्यंत. गिऱ्हाईक जांभया देत होतं. शेवटी ते निघालं, आणि तात्या रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेले. साखळी त्यांनी दिली नाही. आणि जुना रोटरही, जो झिजला म्हणून बदलला होता, तो तसाच चंचीत राहिला.

महिन्यापूर्वी मी जाऊन आलो. वैनी आधीच गेल्या होत्या, आता घरात मुलगा आणि सुमन. सुमनने चहा दिला आणि देव्हाऱ्याकडे नेलं. अन्नपूर्णेच्या शेजारी, रेशमी चिंधीवर, काळा, बोटाच्या पेराएवढा तुकडा. त्यावर हळदकुंकू.

“चंचीत गावला. ह्या खंयच्या देवाचा, गुरुजी?”

मी सांगितलं की देवाचं नाही, गाडीचं आहे. तिने पदराने त्या तुकड्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, “असांदे. इतकी वर्सां जपल्यानी, म्हणजे देवाचाच.”

मग मी मांगरात गेलो. गाडी जिथे उभी असायची तिथे काही नाही. जमिनीत चाकांच्या जागी चार खळगे, एका कोपऱ्यात माझी पाटी, ‘हुकुमावरून’ एवढंच वाचता येतं. मधल्या फणसाच्या खांबाला ती मचव्याची साखळी, दोन वेढे घातलेली, आणि वर अलिगढी कुलूप, बंद. सुमन म्हणाली, रोज संध्याकाळी येऊन ओढून बघायचे, शेवटच्या सोमवारीही. किल्ली कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. मी कुलूप ओढून पाहिलं. घट्ट होतं. मागे वळलो तर समोर माझी जुनी खिडकी दिसत होती, आणि सात वर्षं तिथे बसून जे माझ्या लक्षात आलं नव्हतं ते तेव्हा आलं. मांगराला दार नाही. कधीच नव्हतं.